दोन बोटं वाढलेलं मांजर

१

पेटीत उभ्या राहिलेल्या मांजराचे कान छताला टेकून दुमडले, आणि पेटीकाकूंनी खाली वाकून पुन्हा पाहिलं.

तीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. घरदार गुंडाळून परदेशी निघालेल्या माणसांना आपलं कुत्रं, आपलं मांजर मागे टाकवत नाही. त्यांच्यासाठी विमानात चालतील अशा पेट्या बनवायच्या. काकूंच्या पेट्यांतून शेकडो जीव समुद्रापार गेले होते, त्यात एक लंगडं कासवही होतं, आणि माप चुकलं असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तो आज जन्माला येतो की काय, असं त्यांना वाटलं.

नियम सरळ होता. जनावर पेटीत उभं राहिलं की डोक्यावर मोकळी जागा दिसली पाहिजे. कान टेकले की पेटी परत, आणि पेटीबरोबर मांजरही परत. विमान चार दिवसांवर आलं होतं.

"सात महिन्यांत पहिल्यांदाच आत गेली हो ही," मांजराची मालकीण म्हणाली. ती नर्स होती. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती आणि सगळं बिऱ्हाड तिच्यामागे निघालं होतं. "पेटी आणलीत तेव्हा पंधरा दिवस शाई तिच्यातच लोळायची. मग एक दिवस जी सोडली ती सोडलीच. आज तुम्ही ढकललीत म्हणून."

शाई नावाप्रमाणे काळीकुळकुळीत होती. अंगावर पांढरा केस औषधालाही नव्हता. वय तेरा वर्षं.

पेटीकाकूंनी पिशवी उघडली. माप घ्यायची त्यांची रीत त्यांची स्वतःची होती. आकडा त्या लिहीतच नसत. तपकिरी कागदाची पट्टी जनावराच्या पायाशी धरायची, खांद्यापाशी टरकन फाडायची, वर नाव घालायचं आणि जपून ठेवायची. आकडा लिहिताना हात चुकतो, फाडलेला कागद काय चुकणार? 'शाई' लिहिलेली पट्टी काढून त्यांनी मांजराच्या पुढच्या पायाला लावली.

पट्टी खांद्याच्या खाली दोन बोटांवर संपली.

त्यांनी ती पुन्हा लावली, मग दुसऱ्या पायाला लावली. फरक तोच. तेरा वर्षांचं म्हातारं मांजर सात महिन्यांत दोन बोटं वाढलं होतं.

"चिपचा नंबर बघू," त्या म्हणाल्या. मानेच्या कातडीखाली बसवलेली चिप वाचायचं यंत्र त्यांच्याकडे असायचंच. ते मानेवरून फिरवलं, पीप वाजलं, पंधरा आकडे उमटले. नर्सनं मोबाइलमधला नंबर मोठ्यानं वाचला. एकूण एक आकडा जुळला. यंत्र म्हणत होतं, हीच ती. पट्टी म्हणत होती, ही ती नव्हेच.

खोली जवळजवळ रिकामी होती. तसबिरी उतरवलेल्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरले होते आणि बोललेला शब्द भिंतीला आपटून परत येत होता. मांजरानं एकदम मान वर केली आणि छताकडे पाहू लागलं. तिथे काहीच नव्हतं, पण त्याचे दोन्ही कान तिकडे वळले होते.

"काकू, ती शाई नाहीचे." दारात नर्सची नऊ वर्षांची मुलगी उभी होती. घरात तिला टिकली म्हणत. "शाई मेली. ती आता वर राहते."

"टिकले, पुरे झालं हं," आई म्हणाली.

तेवढ्यात वर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, काहीतरी मऊ धप्पकन उतरलं आणि चार पायांनी चालत गेलं.

२

"पाइप," जावई म्हणाला. जावई म्हणजे टिकलीचे वडील. घर सासऱ्यांचं असल्यामुळे सगळी इमारत त्याला जावईच म्हणायची. तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता आणि शिंकत होता. मांजर दहा हातांवर असलं तरी त्याला शिंका यायच्या. "जुनी इमारत आहे. दुपारी चार वाजले की वाजतात पाइप."

"तुमच्या पाइपला पाय बरे फुटले," पेटीकाकू म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या.

वर एक टायपिस्ट बाई राहायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. नातेवाईक लांबचे, घर तेव्हापासून बंद. भुताखेतांवर काकूंचा विश्वास नव्हता. पण एरवी दोन मजले एका दमात चढणाऱ्या काकू त्या दिवशी मधल्या वळणावर थांबल्या, आणि ते गुडघ्यांमुळे नव्हतं.

दाराला कुलूप होतं. कुलपावर धुळीचा थर, आणि कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, एक तारही न तुटलेलं. या दारातून कित्येक महिन्यांत कोणी आत गेलं नव्हतं. दाराला गुडघ्याच्या उंचीवर टपाल टाकायची फट होती, पितळी झाकणाची. काकू वाकल्या आणि झाकण उचललं.

आत अंधुक होतं. सामानावर चादरी टाकलेल्या होत्या. आतल्या खोलीतून कोणीतरी अगदी हळू बोलत होतं, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसं. शब्द कळत नव्हते, आणि कोणी उत्तरही देत नव्हतं. काकूंनी कान लावला. मग फटीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, दोन पिवळे डोळे उघडले. भोवती काळं तोंड होतं. ते त्यांच्याकडेच बघत होतं.

झाकण खटकन खाली पडलं. काकू खाली कशा आल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पेटीची कडी लागलेली होती. आत काळं मांजर बसलं होतं आणि छताकडे बघत होतं.

थोड्या वेळानं नर्सचे वडील खोलीत आले. सत्तरी ओलांडलेला ताठ म्हातारा. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"फिरून आलो," ते म्हणाले. "काय बाई, झाली का आमच्या शाईची गाडी तयार?"

"होईल," काकूंनी स्वतःला सावरलं. "तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे असं ऐकते. पेटीवरचं लेबल तुम्हीच लिहा. मांजराचं नाव, चिपचा नंबर, पोचायचं ठिकाण."

अण्णांनी लेबल घेतलं. नावाच्या रकान्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खिशात ठेवून दिलं. "उद्या लिहितो. आज हात थरथरतोय जरा."

टेबलावर ठेवलेला त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. काकूंची नजर खाली गेली. बाहेरचा रस्ता पंधरा दिवस खणून ठेवलेला होता. काकूंच्या चपलांना, जावयाच्या बुटांना, सगळ्यांच्याच पायांना तांबडा चिखल लागलेला होता. तासभर फिरून आलेल्या अण्णांच्या पायात घरातल्या सपाता होत्या, आणि त्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू हजर झाल्या. पेटी नवी करावी लागणार, हे निमित्त खरंच होतं. पण आधी कोणासाठी करायची ते कळायला हवं होतं. चिप एकाची आणि मांजर दुसरं असं काही असेल, तर पलीकडच्या विमानतळावर त्याला अडकवून ठेवतील, नाहीतर कायमचं झोपवतील. असं एकदा झालेलं त्यांनी पाहिलं होतं, दुसऱ्या कोणाच्या पेटीत. त्या पोरांचं रडणं त्यांच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

नर्स स्वयंपाकघरात बरण्या रिकाम्या करत होती.

"मांजर नाही गेलं तर काय होईल?" काकूंनी सरळ विचारलं.

"टिकली येणार नाही. तसं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. आणि ती नाही तर मी नाही." तिनं बरणीचं झाकण घट्ट लावलं. "खरं सांगू? अशी संधी मला दोनदा आली होती. पहिल्यांदा आई आजारी होती. दुसऱ्यांदा अण्णांचं ऑपरेशन. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आता तिसरी. चौथी काही यायची नाही."

"अण्णा का येत नाहीत बरोबर?"

"परवाना नवऱ्याला आणि मुलीला मिळतो. वडिलांना नाही." ती पाठमोरी झाली. "मी रोज सकाळी उठते तेव्हा वाटतं, काहीतरी व्हावं आणि हे सगळं रद्द व्हावं. आणि मग तसं वाटल्याची लाज वाटते."

"आता मांजराचं सांगा. मध्ये कधी घराबाहेर गेलं होतं?"

"हो, एकदा हरवली होती. तुम्ही पेटी दिलीत त्यानंतर पंधराएक दिवसांनी. अण्णांच्या हातून दार उघडं राहिलं आणि शाई पळाली. दोन दिवस अण्णा गावभर वणवण फिरले. मग घेऊन आले एकदाची."

"आणि चिप?"

"त्यानंतरच्या आठवड्यात. मग लस, मग रक्ततपासणी, मग सहा महिने थांबायचं. मांजराचे कागद सगळे अण्णाच बघतात. म्हटलं, त्यांचाही वेळ जाईल."

जावयाला विचारलं तेव्हा तो खोक्यावरच बसला. "माझ्यावर संशय आहे ना? असणारच. मांजर इथेच कोणालातरी देऊन टाकू, असं मीच म्हणालो होतो. पण काकू, मला मांजर बदलायचंच असतं तर मी कासव आणलं असतं. मला सगळीच मांजरं शिंकवतात." यावर तो शिंकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक आहे मात्र. शाई पूर्वी दिवसभर झोपायची. हरवून परत आली ती दोरीमागे उड्या मारायला लागली. म्हातारपणी तरुण झाली. मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाले असते, याला मांजराचंही बघवत नाही."

टिकली गच्चीच्या पायरीवर बसली होती. काकू तिच्या शेजारी टेकल्या.

"तुला कसं कळलं ती शाई नाही ते?"

"शाई रोज सकाळी माझ्या डोळ्यावर पंजा ठेवायची. नखं आत घेऊन. हरवून आली तेव्हापासून एकदाही नाही." ती पायरीवर नखानं रेघा ओढत होती. "मी सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. मग मी सांगायचं बंद केलं. त्या दोन दिवसांत शाई मेली काकू, आणि तिच्या अंगात दुसरंच कोणीतरी आलं. मी हात लावत नाही तिला. खरी शाई वर चालते, चार वाजता. मी रोज ऐकते."

"घाबरतेस?"

"शाईला कशाला घाबरू?" टिकली म्हणाली. "पण आम्ही गेल्यावर ती वर एकटीच चालत बसेल."

४

अण्णांची खोली सोडून सगळं घर आवरलं होतं. तिथे एकही वस्तू हललेली नव्हती. कपाटात कागदांची गाठोडी, प्रत्येकावर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर तेच मोत्यासारखं अक्षर.

"छत्तीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदणीत काढली, बाई," अण्णा म्हणाले. "एका बड्या माणसाला मुलाचं वय एक वर्षानं कमी करून हवं होतं. मी नाही लिहिलं. बदली झाली, तीही पार आडगावात. बायको म्हणायची, एक आकडा तर होता! पण तोंडानं माणूस हजार गोष्टी बोलतो, त्या वाऱ्यावर जातात. लिहिलेलं राहतं."

"मांजर दोन बोटं वाढलंय, अण्णा."

"वाढलं असेल. खातंय पितंय चांगलं." त्यांची पापणीही लवली नाही. "शाईच आहे ती. मी जन्मापासून बघतोय तिला."

"मग लेबलावर नाव लिहा ना."

म्हातारा खिडकीबाहेर बघू लागला. "लिहितो सावकाश."

"बरं. मांजराची फाइल तरी द्या. मला नंबर उतरवायचाय."

अण्णा घुटमळले. पण मागितलेला कागद दाखवायचा नाही, हे त्या माणसाला जन्मात जमलं नसतं. त्यांनी फाइल काढून दिली. "नंबर पहिल्याच पानावर आहे. पुढचं बघायची काही गरज नाही," असं म्हणून ते उठले. उठताना त्यांच्या खिशातून कागदाची बारीक पुडी पडली. काकूंनी उचलून दिली. उलगडलेल्या पुडीत अर्धी गोळी होती. काकूंना गोळ्या ओळखता येत होत्या, आयुष्य जनावरांच्या दवाखान्यांच्या बाकांवर गेलं होतं. ती गोळी म्हाताऱ्या मांजरांच्या हृदयासाठी देतात. घरातलं मांजर तर दोरीमागे उड्या मारत होतं.

अण्णा गेल्यावर त्यांनी फाइल उघडली. या फाइलमधला नंबर सगळ्यांनी दहादा वाचला असेल. बाकीचे रकाने कोणी वाचले नव्हते. काकूंनी वाचले. अर्ज अण्णांच्या हातचा होता, खाली सरकारी शिक्का.

रंग: काळा. लिंग: मादी. वय: दोन वर्षे. नाव: आणि तिथे एक लहानशी आडवी रेघ.

काकूंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. वय दोन वर्षं. मग त्या पानं उलटत शेवटापर्यंत गेल्या. सगळ्यात मागे, इतरांपेक्षा लहान, डॉक्टरची एक चिठ्ठी जपून लावलेली होती. तिच्यावरची तारीख चिप बसवण्याच्या नऊ दिवस आधीची होती. त्यांनी ती वाचली, आणि घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती.

५

इमारतीच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, कचरा न्यायचा. पूर्वी तिकडूनच सगळे ये-जा करायचे, आता कोणाला आठवणही नव्हती. बरोबर चार वाजता अण्णा स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर पडले आणि सपातांचा आवाज न करता वर चढले. काकू जरा अंतर ठेवून निघाल्या. त्या पावलांच्या चाहुलीनंच वर कोणीतरी पलंगावरून धप्पकन उतरलं.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर नर्सची जुनी शाल, शालीत एक लहानसं, हडकलेलं काळं मांजर. अण्णा गोळी दुधात चुरून बोटानं चाटवत होते आणि हळू आवाजात बोलत होते. दिवसभरात घरात काय काय बांधलं, कोण काय म्हणालं, सगळं.

काकूंनी पिशवीतून पट्टी काढली, खाली बसल्या आणि मांजराच्या पायाला लावली. पट्टी खांद्यापाशी बरोबर संपली.

"पट्टीही खरी होती आणि यंत्रही," त्या म्हणाल्या. "पट्टी हिची, चिप खालच्या मांजराची. मधल्या दोन दिवसांत ही हरवली नव्हती, बदलली होती. दार उघडं राहिल्याचं तुमच्याशिवाय कोणी पाहिलं नाही, शोधलं तुम्ही, आणलं तुम्ही."

अण्णांनी शालीचं टोक मांजरावर ओढून घेतलं.

"टायपिस्ट बाईंनी मागच्या दाराची किल्ली शेजारी म्हणून तुमच्याकडे ठेवली असणार. हे सगळं आज सकाळीच जुळलं होतं माझ्या डोक्यात. वाटलं, म्हातारा एकटा राहणार, म्हणून मांजर ठेवून घेतलं. साधा हिशोब."

"तसंच समजा."

"समजले असते, पण चिठ्ठी वाचली." काकूंचा आवाज बदलला. "हृदय कमजोर, विमानप्रवास झेपणार नाही, प्रवासाचा दाखला देता येत नाही. चिप बसवायच्या नऊ दिवस आधीची. अण्णा, तुम्हाला त्यांना इथे थांबवायचं असतं तर काहीच करावं लागलं नसतं. ती चिठ्ठी नुसती टेबलावर ठेवायची. टिकली निघाली नसती, तिची आई निघाली नसती, सगळं घर इथेच राहिलं असतं. तुम्ही चिठ्ठी लपवलीत आणि दोन दिवस गावभर फिरून दुसरं काळं मांजर शोधून आणलंत. ते जावेत म्हणून."

अण्णांनी मांजराच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"माझी मुलगी निमित्त शोधत होती, बाई," ते म्हणाले. "दोनदा तिनं आमच्यापायी नाही म्हटलं. तोंडानं कधी काढलं नाही, पण मी बाप आहे. तिसऱ्यांदा तिला हे मांजर निमित्त मिळालं असतं. मग मी मरेपर्यंत तिच्या तोंडाकडे कसं बघायचं होतं? त्यांच्या कागदात बाप कुटुंबात मोडत नाही, मांजर मोडतं. मग म्हटलं, मांजर तर मांजर. त्याच्या आधारानं जाऊ देत."

"मग अर्जात वय का खरं लिहिलंत? तिथेच सापडलात."

"हात चालला नाही," म्हातारा ओशाळून म्हणाला. "नाव लिहायला गेलो, रेघ ओढली. वय लिहायला गेलो, दोनच आलं. चिठ्ठी फाडून टाकायला हवी होती, हे मलाही कळतं. पण कागद फाडायचा म्हणजे... घरात सगळ्यांशी मी सात महिने धडधडीत खोटं बोललो. ते मात्र जमलं."

दाराशी कोणीतरी श्वास आत ओढला. लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टिकली उभी होती.

६

ती आत आली नाही. शालीतलं मांजर मात्र उठलं. थरथरत, पाय तोलत, खोली ओलांडून तिच्यापर्यंत गेलं. टिकली खाली बसली तशी शाईनं पुढचा पाय उचलला आणि तिच्या डोळ्यावर पंजा ठेवला, नखं आत घेऊन.

मग टिकली जी रडायला लागली ते ऐकून खालून आई धावत आली, आईमागे शिंकत जावई. काकूंनी चिठ्ठी नर्सच्या हातात दिली. तिनं एकदा वाचली, तारीख पाहिली, आणि जमिनीवर बसली.

"अण्णा, मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

तिनं चिठ्ठीची घडी घातली. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आता सगळं टिकलीवर आलं होतं, आणि कोणी तिच्याकडे बघायला धजत नव्हतं. तीन दिवस उरले होते. ती 'मी येणार नाही' म्हणाली असती तर तो म्हातारा सात महिने रोज चार वाजता तो जिना चढला ते फुकट गेलं असतं.

टिकलीनं नाक पुसलं. "काकू, ती खालची पेटी शाईच्या मापाची आहे ना?"

"हो बाळ."

"मग ती शाईची. ती इथेच राहू दे. आजोबांकडे, खाली, चोरून नाही." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आणि खालच्या त्या दुसरीला नवीन करा. दोन बोटं मोठी. तिला मी इतके दिवस भूत म्हणत होते. तिचा काय दोष?"

"दोन दिवसांत करते," काकू म्हणाल्या. "कागद तिचे चोख आहेत. चिप तिची, लस तिची, रक्त तिचं, वय खरं. नुसतं लेबलावर नाव हवं."

टिकलीनं विचार केला. "दोनबोटी," ती म्हणाली.

अण्णांनी खिशातून लेबल काढलं. पेन काढलं. त्यांचा हात या वेळी खरोखरच थरथरत होता, तरीही नावाच्या रकान्यात त्यांनी एकटाकी लिहिलं: दोनबोटी. अक्षर मोत्यासारखंच आलं.

"आणि आजोबा," टिकली म्हणाली, "शाईला काही झालं की मला खरं सांगायचं. फोनवर नाही. फोनवर तुम्ही खोटं बोलता. कागदावर लिहून पाठवायचं."

"स्वतःचंही," नर्स एकदम म्हणाली. "फोनवर 'मी मजेत, मी मजेत' चालणार नाही मला. कागदावर लिहायचं, अण्णा. दर आठवड्याला."

सात महिने कोणाला दाद न देणारा म्हातारा त्या वेळी पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

७

विमान गेल्यानंतर दहाव्या दिवशी पेटीकाकू छोटीशी पायरी घेऊन आल्या. शाईला आता पेटीत चढायलाही त्रास व्हायचा. घरात खोके नव्हते, जावयाच्या शिंका नव्हत्या. चार वाजले, आणि छतावर काहीच वाजलं नाही.

पेटी अण्णांच्या खोलीत होती, दार कायमचं काढून टाकलेलं. शाई आत शालीवर झोपली होती. अण्णा टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते. टोपण काढलेलं पेन वाळायला आलं होतं.

"कधीपासून बसलात?"

"सकाळपासून. शाईचं लिहून झालं. जेवते, झोपते, उठते. पुढं 'मी मजेत आहे' असं लिहायचंय." त्यांनी कागदाकडे बघितलं. "सकाळी फोनवर तेच म्हणालो. फटकन म्हणालो."

काकू पायरी ठोकायला बसल्या. खिळे चार होते, त्यांनी सावकाश ठोकले. मागे पेन चालायला लागल्याचा आवाज आला तेव्हा त्या वळल्या नाहीत. काम संपवून उठताना मात्र त्यांची नजर कागदावर गेली. शाईच्या ओळींखाली दोनच वाक्यं होती.

'घर फार मोठं वाटतं. तुम्ही गेलात हे फार चांगलं झालं.'

अण्णांनी कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, पाकीट बंद केलं. "टाकाल का एवढं टपालात?" ते म्हणाले. "माझ्याजवळ राहिलं तर मी फोन करून सांगेन की काही लिहिलंच नाही."